उरवलेल्या गोळ्या

लढाईच्या त्या हिवाळ्यात युनिव्हर्सिटीतल्या अर्ध्या मुली मला गद्दार म्हणत. ते नाव पुसायची खटपट मी तेव्हा केली नाही आणि आताही करणार नाही. काय झालं ते सांगते, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आमचं घर फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. माझ्या मैत्रिणीचं क्वार्टर आमच्या पाठीला पाठ लावून, मधे फक्त एक भिंत आणि त्यांचा पेरू. दोघींचे वडील फॅक्टरीतल्या एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच विभागात, लढाई लागल्यापासून दोघांनाही डबल शिफ्ट. आम्ही दोघी एम.एस्सी. वनस्पतीशास्त्राला, सायकलींवर बरोबर जायचो आणि बरोबर यायचो. घरी आईशी मराठी, फाटकाबाहेर पडलं की हिंदी, आणि आपसात जे आधी सुचेल ते.

मुलींच्या कॉमन रूमच्या खिडकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. आजारातून उठलेल्या मुलीने उरलेल्या गोळ्या, कॅप्सूल त्यात आणून टाकायच्या आणि जिला लागेल तिने घ्यायच्या. लागायच्या कशाला म्हणाल, तर कशालाही. घसा दुखला, तोंडावर मुरूम आले, पेपरच्या आधी हातापायांत त्राण नाही असं वाटलं, की डब्यात हात. निवड रंगावरून व्हायची. "लाल-पिवळी दे ना, वो तेज़ होती है," असं म्हणत मुली बांगड्या निवडाव्या तशा कॅप्सूल निवडायच्या. बुरशीपासून प्रतिजैविक कसं मिळतं, यावर आम्ही सगळ्याजणी आकृतीसकट उत्तर लिहायचो आणि चांगले मार्क मिळवायचो. ती वहीतली बुरशी आणि डब्यातली गोळी यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात येत नसे. आम्ही मठ्ठ नव्हतो. पेपरमध्ये तसं कुणी विचारलंच नव्हतं.

लढाई लागली आणि डब्याला मान आला. मुलींच्या संघटनेची पुढारी आमच्या एक वर्ष पुढची होती, तिला सगळ्या दीदी म्हणत. तिने डब्यावर कागद चिकटवला: 'जवानों के लिए'. आता त्यातून घ्यायचं नाही, फक्त द्यायचं. स्वेटर विणले जात होते, रक्त दिलं जात होतं, खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआउटचे काळे कागद लागले होते, मग गोळ्या तरी मागे का राहतील? ताप उतरला की औषध थांबवायचं आणि उरलेलं देशाला द्यायचं, असा रिवाजच पडला. आमच्या घरांमधून तशीही अर्धी पोळी कधी वाया गेली नव्हती. बाटली संपवणारी मुलगी म्हणजे खादाड, असं सरळ बोललं जायचं.

अशात माझ्या मैत्रिणीला मोतीझिरा, म्हणजे टायफॉइड, झाला. तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, तिला वसाहतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कॅप्सूलची तपकिरी बाटली दिली आणि बजावलं, "कोर्स पूरा करना." ती मला हसत हसत म्हणाली, "अपना कोर्स कभी पूरा हुआ है क्या?" मला पण हसू आलं. कारण आमच्याकडे कोर्स म्हणजे अभ्यासक्रम. शेवटचे दोन धडे सर कधी शिकवत नसत, आम्ही वाचत नसू आणि पास होत असू. कोर्सचं शेपूट सोडायचंच असतं, हे आमचं शिक्षण होतं. ताप उतरला, तोंडाला चव आली, ती सायकलवर बसून आली आणि अर्धी बाटली तिने अभिमानाने डब्यात रिकामी केली. दीदीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

थोडे दिवस गेले आणि ताप परत आला. या वेळी चढला तो उतरेना. भिंतीपलीकडून तिचं बरळणं मला ऐकू यायचं. कधी हिंदीत, कधी मराठीत, मधेच वनस्पतींची लॅटिन नावं. मी गेले तर काकू कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलत बसलेल्या.

"दवाखान्यात काहून नाही नेत, काकू?"

"कोणत्या तोंडानं नेऊ?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर विचारतील, दिलेल्या गोळ्यांचं काय केलं? लढाई सुरू आहे, लोक उपाशी राहून देऊन राहिले, अन् मी दुसऱ्यांदा मागायला जाऊ? मी नर्मदामाईला बोलून ठेवलं आहे. ओटी भरीन."

"नर्मदामाई काय कॅप्सूल देते?"

त्या रडायला लागल्या. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. मी सायकल काढली आणि बडा फुहाराच्या बाजारात औषधाची दुकानं पालथी घातली. "सब फ़ौज को जा रहा है, बिटिया," एवढंच जो तो सांगे. तेव्हा मला कळलं की आता डॉक्टरांशिवाय रस्ता नाही. काकू लाजेपायी जाणार नव्हत्या, काका शिफ्टवर, आणि पोरगी तिकडे हातातून चालली होती. मीच जायचं ठरवलं, आणि गोळ्यांचं काय झालं ते दाखवायला डबाच बरोबर न्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉमन रूममध्ये डब्याला झेंडूची माळ घातलेली होती. तो त्याच दिवशी मिलिटरी हॉस्पिटलला जायचा होता. मी माळ काढली आणि डबा उचलला.

"अरे, कहाँ ले जा रही हो?" दीदी आडवी आली.

"दवाखाने."

"जवानों के मुँह से छीनोगी? शर्म नहीं आती?"

मी झाकण उघडून डबा तिच्या नाकाशी धरला. लाल-पिवळ्या, पांढऱ्या, निळ्या, फुटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. "दीदी, इसमें से एक उठाओ और बताओ, कौन-सी बीमारी की है. बता दो, तो मैं डिब्बा यहीं रख दूँगी."

तिने डब्यात वाकून पाहिलं आणि वाट सोडली. मागून कुणीतरी 'गद्दार' म्हणालं. मी डबा कॅरियरला बांधला आणि निघाले.

दवाखान्यात रांग होती. मी रांग मोडून डबा डॉक्टरांच्या टेबलावर आदळला आणि काय झालं ते सगळं सांगितलं. ते भडकले. "पढ़ी-लिखी लड़कियाँ हो तुम लोग! मैंने कहा नहीं था, कोर्स पूरा करना?"

मी म्हटलं, "कहा था. पण आमच्याकडे कोर्स म्हणजे काय, ठाऊक आहे? जो हर साल अधूरा छोड़ते हैं और पास हो जाते हैं! बाटली संपेपर्यंत खा, बरं वाटलं तरी खा, असं म्हणायला काय झालं होतं, डॉक्टर साहब? या गोळ्या उरल्या नव्हत्या. आम्ही उरवल्या होत्या. तिचा ताप या डब्यात भरून ठेवला आहे. तो परत घ्या अन् तिला औषध द्या."

रांगेतली एक बाई पुटपुटली, "बाप रे, काय बोलून राहिली ही." डॉक्टरांनी डब्यात बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. मग बॅग उचलली आणि माझ्या सायकलमागे त्यांची स्कूटर आली. आधीच्या गोळ्यांचं त्यांनी काकूंना काही विचारलं नाही. नाडी पाहिली, सुई दिली, नवी बाटली ठेवली आणि म्हणाले, "शीशी ख़ाली होने तक. ठीक हो जाए, तब भी." डबा त्यांनी दवाखान्यातच ठेवून घेतला.

मला त्याची किंमत पडली. संघटनेतून माझं नाव गेलं, जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, आणि लढाई जिंकल्याचे पेढे वाटले तेव्हा ताट माझ्या पुढून सरळ पुढे गेलं. घरी आई म्हणाली, "जाऊन माफी मागून टाक ना, काय बिघडते?" मी म्हटलं, कशाची? मला पेढा नको होता. भिंतीपलीकडचं बरळणं रोज थोडं कमी होत होतं आणि मी तेवढ्यावर खूश होते.

काळे कागद काचांवरून निघाले तेव्हा मैत्रीण पेरूखाली उन्हात बसायला लागली होती. केस पार गळलेले, मनगटं काडीसारखी, पण भूक दांडगी. मी तिला न शिकवलेले शेवटचे दोन धडे वाचून दाखवत होते. त्या दिवशी तिने शेवटची कॅप्सूल घेतली आणि रिकामी बाटली काकूंच्या हातात दिली. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई फाटकाशी आल्या. जखमी जवानांसाठी महिला मंडळाचं गोळा करणं अजून सुरू होतं, आणि या घरातून औषध मिळतं ही कीर्ती पसरली होती.

"ठीक झाली वाटते पोरगी? काही उरलं असेल तर द्या ना, वहिनी."

काकूंची मान खाली जाईल असं मला वाटलं. मी तोंड उघडणार होते, पण त्यांनी हातानेच मला थांबवलं. बाटली उलटी धरून त्यांनी ती त्या बाईंसमोर हलवून दाखवली.

"औषध नाही उरलं," त्या म्हणाल्या. "पोरगी उरली."