पोखरणच्या आठवड्यात पडलेली विहीर

११ मे १९९८ रोजी दुपारी पावणेचार वाजता राजस्थानात पोखरणजवळ जमिनीखाली तीन अणुचाचण्या झाल्या. १३ मे रोजी आणखी दोन. त्याच आठवड्यात परभणी जिल्ह्यात, येलदरीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका गावात, एक विहीर ढासळली. पोखरण तिथून सुमारे हजार किलोमीटर. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो मी जोडला. हे मी आजपर्यंत घरात सांगितलेलं नाही, कचेरीत नाही, मित्र म्हणावा असा जो एक होता त्यालाही नाही. तुम्हाला सांगतो आहे.

मी तेव्हा एका दैनिकाचा परभणीतला वार्ताहर होतो. मोठी राष्ट्रीय बातमी आली की मुख्य कचेरीतून फोन यायचा — तुमच्याकडून स्थानिक काय? प्रत्येक जिल्ह्यानं आपली जोड द्यायची, असा रिवाज होता. पहिल्या दिवशी मी पेढे वाटल्याचं दिलं, दुसऱ्या दिवशी फटाके आणि मिरवणूक. मग माझ्याकडचं संपलं. फोन मात्र येतच राहिले.

अशात तात्या आले. नाव परसराम, पण गाव तात्या म्हणायचं. अंगावर धुवट सदरा, हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी विहिरीच्या बांधकामातला एक चिरा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेजारच्या खडीच्या खाणीत सुरुंग लावतात, त्यानं विहिरीला आधी तडे गेले आणि आता एक बाजू खाली आली. तहसीलमध्ये अर्ज दिला होता, पण कोणी बघायला येत नव्हतं. छापून आलं तर येतील, एवढीच त्यांची आशा. “दिवसातून दोनदा बार उडवायलेत, साहेब,” ते म्हणाले. “भांडी पडतेत मांडणीवरची. तुमी एकदा येऊन बघा.”

मी गेलो नाही.

खाणमालक आमच्या अंकाला जाहिराती द्यायचे, आणि वार्ताहराचं घर पगारावर नव्हे, जाहिरातीच्या कमिशनवर चालायचं. म्हणजे मी घाबरलो होतो का? घाबरलो होतो. पण तेवढंच असतं तर मी बातमी नुसती दाबली असती. तसं अनेकदा केलं होतं. इथं मी काय केलं — एक चौकट लिहिली, पानावर रेघांच्या चौकोनात लागतो तसला छोटा मजकूर. हलकीफुलकी. परसराम यांच्या तोंडी वाक्य घातलं की पोखरणच्या बाँबनं माझी हीर पाडली, सरकारनं भरपाई द्यावी. खाणीचा उल्लेख नाही. भीतीनं लिहिलं असं म्हटलं तर बरं दिसेल. खरं असं आहे की ते वाक्य मला आवडलं होतं. सुचलं तेव्हा मी एकटाच हसलो होतो.

चौकट सगळ्या आवृत्त्यांत लागली. तहसीलमधल्या लोकांनी ती वाचली आणि अर्ज बाजूला ठेवला. चार दिवसांनी तात्या पुन्हा आले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले की त्यांनी पोखरणचं नावच घेतलं नव्हतं, ते कुठं आहे हेही त्यांना ठाऊक नाही. मी चहा मागवला. खुलासा छापू म्हणालो. ते चहा पिऊन गेले. नंतर कळलं की बरेच दिवस ते सकाळी फाट्यावरच्या हॉटेलात येऊन अंक चाळत बसायचे. खुलासा मी लिहिलाच नाही.

गावानं त्यांचं नाव बाँबतात्या केलं. पारावर ते येऊन बसले की कोणीतरी कान झाकायचं, मग हशा. हळूहळू ते पारावर यायचे बंद झाले. खाणीचे बार चालूच होते. पण भिंतीला तडा गेला असं कोणी बोललं की दुसरा विचारायचा, तुझ्यावर बी पोखरणच पडलं का? मग तोही गप्प बसायचा.

मला मात्र त्या चौकटीनं विषयाचा जाणकार केलं. संपादकांनी भूमिगत चाचण्यांच्या इतिहासावर लेख मागितला. मी झटून वाचलं. १९५७ साली नेवाडाच्या वाळवंटात पहिली पूर्णपणे बंदिस्त भूमिगत चाचणी झाली. १९६३च्या करारानं हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अंतराळातल्या चाचण्यांवर बंदी घातली. जमिनीखालच्या मोकळ्या राहिल्या, म्हणून पुढच्या बहुतेक तिथं गेल्या. आपली पहिली १९७४ची. स्फोटानं खोलवर पोकळी होते, आणि वरचा खडक तिच्यात कोसळतो — कधी मिनिटांत, कधी कितीतरी वेळानं. जमिनीवर नुसता खळगा दिसतो. भूकंप कोणता आणि स्फोट कोणता, हे हजारो किलोमीटरवरची यंत्रं लहरींवरून ओळखतात.

हे सगळं मी दरवर्षी ११ मेच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या सभागृहात सांगत आलो. सुरुवात ठरलेली — आमच्याकडचे एक तात्या काय म्हणाले. लोक हसायचे. मग मी नेवाडाकडे वळायचो. व्याख्यान संपलं की शाल आणि नारळ घेऊन एकटाच ऑटोनं घरी यायचो. हशाची ती जागा मी कधी गाळली नाही. का गाळली नसेल?

काही वर्षांपूर्वी जिंतुरात अशाच एका व्याख्यानानंतर पस्तिशीची एक बाई व्यासपीठाजवळ थांबून राहिली. व्याख्यान ज्या शाळेत होतं तिथले मुख्याध्यापक माझ्याशेजारी उभे होते. तिनं ओळख सांगितली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तात्यांची मुलगी.

ती चिडलेली नव्हती. “सर, एकच विचारायचं होतं,” ती म्हणाली. “तात्या खरंच असं म्हणाले होते का? ते तर न्हाई म्हणतेत. इतकी वर्षं न्हाईच म्हणायलेत. आन् आमी घरचे त्यान्लाच खोटं पाडतो — पेपरात कसं आलं मग, म्हणून.”

तात्या तेव्हा जिवंत होते. ती त्याच संध्याकाळी गावी जाणार होती.

मी म्हणालो, “हो. म्हणाले होते.”

तिनं मान हलवली. बरं झालं विचारलं, म्हणाली. आता घरातला वाद तरी मिटेल.

तात्या गेल्या हिवाळ्यात वारले. निधनवार्ता आमच्या जिल्हा कचेरीत आली तेव्हा ती पानावर घेण्याचं काम माझ्याकडं होतं. मजकूर मुलीनं पाठवला होता. नावापुढं ‘ऊर्फ बाँबतात्या’ असं तिनंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात वार्ता जशीच्या तशी छापून आली.