साडूंचा भांडखोर खेळ

माझ्या थोरल्या साडूंइतका संतापी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नसेल. लोहाऱ्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि जळून आलेल्या मोटारींपेक्षा तेच जास्त तापलेले असतात. गिऱ्हाइकाने 'किती वेळ लागेल?' विचारलं की म्हणतात, "जाळाले किती वेळ लागला?" अशा माणसाने पन्नाशीत कॉम्प्युटरवर खेळ बनवायला घेतला, तेव्हा मला कॉम्प्युटरचीच काळजी वाटली. खेळात काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. दारव्ह्याच्या बाजारातून परतताना जीप बंद पडते. आपण एकेक हुकूम टाइप करत जंगलातून घर गाठायचं. पण खेळाचा स्वभाव साडूंवर गेलेला. मी 'झाडावर चढ' लिहिलं, तर उत्तर आलं, 'चढला. आता उतरवाले कोण येईन?' स्पेलिंग चुकलं की, 'आधी लिहाले शिक.' खेळ अडकला की साडू सरळ घराचा मेन स्विच पाडत. आत त्यांच्या बायकोचा मिक्सर चटणीसकट थांबे, आणि तिकडून वेगळी लढाई सुरू होई.

एकदा मी म्हणालो, "भाऊ, दोन-चार चित्रं टाका की. नुसतं कोण वाचतं?"

ते ताडकन उठले. "चित्रं पाहाले डोये लागते! निंघा तुम्ही!"

मीही संतापलो. चहा तसाच टाकून निघालो, आणि दिवाळीपर्यंत आमचं बोलणं बंद.

दिवाळीला बायकोने मला साडूंकडे ओढूनच नेलं. कॉम्प्युटरसमोर आमचे सासरे बसलेले. काचबिंदूने दृष्टी गेल्यापासून ते थोरल्या लेकीकडेच असत, कुणाशी फारसं बोलत नसत. जन्मभर कोर्टात टायपिस्ट. बोटांना अक्षरं पाठ. कॉम्प्युटर सपाट आवाजात वाचून दाखवत होता, "जीप बंद हाय. आता काय करशीन?" सासऱ्यांनी ड्रायव्हरला कडक शिवी टाइप केली. "ते तं मीही देल्ली," कॉम्प्युटर म्हणाला, "पुढं चाल." सासरे खदखदून हसले.

साडू दाराआड चरफडत होते. "घंट्यापासून जीपवाल्याशीच भांडून राह्यले!"

"खेळ कुणासाठी ते मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्ही इचारलं काय?"

संध्याकाळी सासरे खेळात घरी पोचले. "घर आलं," एवढं बोलून कॉम्प्युटर थांबला.

"जवाईबुवा, अंगण नाही लिहिलं?"

साडू चिडले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले. "मामाजी, तुम्ही सांगा. मी लिहितो."

"आपल्या जुन्या घरी जांभळीखाली रांजण होता," सासरे हळूहळू सांगू लागले. "उन्हाळ्यात त्याच्यापाशी तुमची सासू बसे."

साडूंनी ते लिहिलं. मग कीबोर्ड पुन्हा सासऱ्यांपुढे सरकवला.