आखाजीची पाणमांजर

पाणमांजराच्या पिल्लाला पोहता येत नाही. हे एवढंच वाक्य मी वेळेवर, चारचौघांत, मोठ्यानं बोललो असतो तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं. मी बोललो ते भलतंच, आणि तेही पानाच्या टपरीवर.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आमच्या गावच्या बागेत तेव्हा जनावरांचा एक कोपरा होता. एक बिबट्या, इतका म्हातारा की मांजर आडवं गेलं तर तोच थांबायचा. चार हरणं, थोडी वानरं आणि एक लांडोर, जिला लोकांना मोर म्हणून दाखवलं जायचं. दाखवणारा मीच. मी तिथला राखणदार. माझ्यावर आबा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. दिवसाला सात शब्द बोलायचे, त्यातले चार बिबट्याशी.

गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी भडगावकडून एक म्हातारी आक्का आली. गिरणा नदीत मासे धरणारी. डोक्यावर टोपली, टोपलीत केळीची वाळलेली पानं आणि पानांत दोन पिल्लं. मुठीएवढी, डोळे मिटलेली. आई जाळ्यात गुंतून मेली होती.

"दोन महिना पानीमा टाकू नका," आक्का म्हणाली.

"आक्का, पाणमांजर ना ही?"

"शे तं शे. तू नदीकाठले जन्मना, तुले पवता येस का?"

मला येत नव्हतं. आबा मिशीत हसले. वर्षातलं ते त्यांचं पहिलं हसू.

"माय यास्नी मान धरीसन पानीमा लई जास, तवय शिकतस," आक्का सांगत होती. "केस बी आते कच्चा शेतस. पानी आंगमा मुरस. कोरडं ठेवा, भो. वल्लं व्हयनं का गयं."

एक पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. दूध घशाऐवजी छातीत उतरलं. पाजणारा मी होतो. त्यानंतर आबांनी दुसऱ्या पिल्लाला, मादी होती ती, मला हात लावू दिला नाही. बकरीचं दूध पातळ करून कापडाच्या वातीनं पाजायचं, पोट चोळायचं, स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसायचं आणि खोक्यातल्या कोरड्या गवतावर ठेवायचं, असा त्यांचा दिवसभराचा धंदा. दर शनिवारी तिला भिंतीशी लांब करून ते नाकापासून शेपटीपर्यंत खडूनं रेघ मारत. पहिली रेघ वीतभर. दुसरी त्याहून बोटभर जास्त.

चौदाव्या दिवशी डोळे उघडले. जगात पहिल्यांदा तिला दिसल्या आबांच्या मिशा आणि दुसऱ्यांदा मी, त्यामुळे जगाबद्दल तिचं फार चांगलं मत झालं नसावं. मग दात आले, ते तिनं माझ्या अंगठ्यावर तपासून पाहिले. शीळ घालायची, बारीक, चिमणीच्या पिल्लासारखी. आबा दिसले नाहीत की घालायची. एकदा मी घमेल्यात दोन बोटं पाणी घेऊन तिच्या पुढ्यात धरलं. तिनं एक पाय बुडवला आणि किंचाळत आबांच्या धोतरावरून थेट खांद्यावर चढली.

त्याच संध्याकाळी टपरीवर मी सांगितलं, "आज पिल्लानं बागेतला हौद ओलांडला. एका दमात."

दुसऱ्या दिवशी दोन दमांत येऊन-जाऊन केलं. आठवडाभरात ती तळाशी पडलेलं चवलीचं नाणं वर आणू लागली. टपरीवाला म्हणाला, "चवली तर बंद व्हयनी ना, भो." मी म्हटलं, म्हणूनच तर तळाशी पडलेली होती. भिंतीवर ती दीड वीत होती, टपरीवर दोन हात. धुळ्याहून एसटीनं माणसं यायला लागली. आबा त्यांना लांबूनच खोकं दाखवायचे, आणि लोक मला डोळा मारून जायचे, की म्हातारा खरा माल लपवतोय.

"काबरं खोटं बोलस?" आबांनी विचारलं.

"लोकांना थोडं मोठं करून दिलं की बरं वाटतं, आबा."

"तिले मोठी व्हऊ दे ना मंग आधी."

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला दिवाळीपेक्षा जास्त लेकी माहेरी येतात. बागेतल्या निंबांना झोके लागले. ऊन असं, की डांबरात चप्पल चिकटलेला माणूस दिवस कलल्यावरच सुटायचा. आबांना मात्र गावी जाणं भाग होतं. त्या दिवशी वडिलांच्या नावानं घागर भरली नाही तर ते वर्षभर वरती तहानलेले राहणार.

"कुलूप लायेल ऱ्हाऊ दे," जाताना म्हणाले. "कोनले हात लावू देऊ नको."

दुपारी झोक्यावरच्या बाया आल्या. पंधरावीस असतील. हातात कळश्या, कारण बागेतला नळ गावातल्या नळापेक्षा उदार होता.

"पवताना दखाड ना, भो. बठ्ठा गाव सांगस."

मी खोलीचं कुलूप काढलं. खोकं बाहेर आणलं. बायांमधली एक थोराड, सासरहून आलेली, वाकून बघते तर गवत खडखडीत वाळलेलं, आणि वर हे ऊन.

"माय वं! गिरणामायनी लेक, आन् आखाजीना दिन कोरडी ठेयेल शे?"

माहेरी आलेल्या लेकीला न्हाऊमाखू घालतात. तिनं तेवढंच केलं. कळशी उचलली आणि माझ्याकडे बघितलं, घालू का म्हणून. वीस तोंडं माझ्याकडे. आक्काचं बोलणं जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं तर महिनाभराचं सगळं गिळावं लागणार होतं.

"घाला, घाला," मी म्हटलं. "पाण्यातलंच जनावर ते."

एकीनंतर एक, सगळ्यांनी घातलं. हळदीला हात लावावा तसं. ती शीळ घालत होती, सारखी. एकीनं विचारलं, काय करतेय? मी म्हटलं, गातेय. मग कुणीतरी हौद म्हणालं आणि मी तिला हौदात सोडलं. चार पाय मारले, बुडाली, वर आली. टाळ्या वाजल्या. पुन्हा बुडाली तेव्हा मी कोपरापर्यंत हात घालून काढली.

केस अंगाला चिकटल्यावर ती निम्मी उरली होती. सदरा काढून पुसली, पण पाणी आत मुरलेलं. त्या उन्हात, जिथं कावळेसुद्धा चोच उघडी ठेवून बसले होते, तिथं ती थंडीनं कापत होती.

संध्याकाळच्या एसटीनं आबा आले. फडक्यात माझ्यासाठी दोन सांजोऱ्या बांधून आणलेल्या. त्यांनी खोक्यात हात घातला, गवत चाचपलं, आणि तिला बंडीच्या आत, छातीशी घेतलं. दोन दिवस तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी बंडीतून काढली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, छाती भरली होती. सांजोऱ्या मुंग्यांनी नेल्या.

निंबाखाली खड्डा आम्ही दोघांनी खणला.

आठवड्यानं टपरीवर कुणीतरी विचारलंच. मी म्हटलं, "गेली गिरणेला. गटारातून, एका झेपेत." सगळे खूश. कुणी शंका काढली आणि तंबाखू मळत उभ्या असलेल्या आबांकडे वळून विचारलं, "खरं का, आबा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हा," म्हणाले. "मी देखं ना."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत सातही शब्द बिबट्याचे झाले.

पावसाळा सरल्यावर आक्का आली. टोपली रिकामी.

"मोठी व्हयनी का?"

मी हात पसरले. हातभर. मग आणखी थोडे. आक्का माझे हात बघत होती, मग तिची नजर माझ्या मागच्या भिंतीवर गेली. खडूच्या रेघा तिथंच होत्या. पाच. पाचवी दीड वितीच्या जरा पुढे, आणि तिच्यावर भिंत कोरी.

तिनं टोपली डोक्यावर घेतली. मी हात खाली करायचं विसरलो होतो.