गुरुवारची गोळी

जानेवारीतल्या एका मंगळवारची गोष्ट. कॉलेज रोडवरच्या संधिवाताच्या दवाखान्यात माझा अकरावा नंबर होता आणि मांडीवर माझी गोळ्यांची वही होती... त्या वहीत मी खोटं लिहिलं होतं.

थोडं मागचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला, आपण आमवात म्हणतो तो. सकाळी बोटं अशी आखडायची की कुकरचं झाकण लावता यायचं नाही.

मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, कधीच विसरणार नाही असा एक वार ठरवा. मी गुरुवार ठरवला. गुरुवारी माझा उपवास असतो आणि वीस वर्षांत तो एकदाही चुकलेला नाही... तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

झालं असं की दिवसभर चहा, संध्याकाळी थोडी भगर आणि त्यावर ती गोळी. शुक्रवारी ऑफिसात इतकं मळमळायचं की कुणाचा डबा उघडला तरी मी उठून बाहेर जायची. श्रावणात पहिल्यांदा गोळी चुकवली... काहीच झालं नाही. बोटं बरी आहेत, मग गोळी कशाला, असं मी स्वतःला पटवलं. बोटं गोळीमुळेच बरी आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नाही, की मी येऊ दिलं नाही, हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

वहीत प्रत्येक गुरुवारची एक चौकट होती. गोळी घेतली की लाल टिंब. रिकामी चौकट मला बघवेना, म्हणून न घेतलेल्या गोळीचंही टिंब देऊ लागले.

मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. मस्टरवर कुणाची एक सही राहिली तरी मी बोलावून घेते... आणि घरी हे चाललं होतं. नवरा विचारायचा, "गोळी?" मी म्हणायची, "झाली."

तर त्या मंगळवारी बोटं पुन्हा सुजली होती. शेजारी कळवणकडच्या एक मावशी बसल्या होत्या, त्यांची बोटं माझ्यापेक्षा वाकडी. वहीत डोकावून म्हणाल्या, "एक बी चुकली नाय? लय शिस्तीची हाय बाई तू!"

मग स्वतःच सांगू लागल्या. "मी तर चार हप्ते घेतलीच नाय. कांद्याची लागवड चालली व्हती. गोळी घेतली का दुसऱ्या दिवशी मी आडवी. मग वाफ्यात कोण बसंल, ती डॉक्टरीण?"

मॅडम रागावतील ना, मी विचारलं.

"रागावू दे की. ती काय माझी सासू हाय?"

मी हसले. पण वही बंद करून टाकली.

आत गेल्यावर मॅडमनी रिपोर्ट पाहिले, एकेक बोट दाबून पाहिलं, मग वही चाळली. म्हणाल्या, इतकं नियमित घेऊनही सूज आहे, म्हणजे ही गोळी पुरत नाही. आता इंजेक्शन सुरू करू. आणि त्यांनी पेन उचललं.

माझे कान गरम झाले. माझ्या शरीरात उद्या कोणतं औषध जाणार हे माझ्या लाल टिंबांवरून ठरत होतं...

"मॅडम, थांबा. ही वही खरी नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, "किती चुकल्या?" मला आकडा सांगता येईना, कारण खरी आणि खोटी टिंबं सारखीच दिसत होती. "निम्म्या तरी," म्हटलं. मग उपवास, मळमळ, शुक्रवार... सगळं सांगून टाकलं.

मॅडम हसल्याच. "अहो, उपवास देवाचा, गोळी तुमची. दोघांना एकाच वारी कशाला बसवलंत?"

गोळी गुरुवारवरून शनिवारवर गेली, पोटभर जेवणानंतर. मळमळ झालीच तर रविवारी घरी आराम. मळमळीवरही एक गोळी दिली. तीन महिने नीट घेऊन बघू, इंजेक्शनचं मग ठरवू, म्हणाल्या. "आणि चुकली तर चौकट रिकामी ठेवा. मला तिचा जास्त उपयोग होतो."

बाहेर आले तेव्हा मावशी उठत होत्या. "काय, रागावली का?" मी मानेनंच नाही म्हटलं. "मंग!" म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता मे चालू आहे. रविवारची मिसळ माझ्याशिवाय होते, मुलं परत येऊन मुद्दाम तर्रीचं वर्णन करतात आणि मी दहीभात खाते. पण गेल्या महिन्यात तपासलं तेव्हा सूज बरीच उतरली होती. इंजेक्शन सध्या तरी नाही. काल लोणच्याच्या बरणीचं झाकण माझं मी लावलं... उघडताना नवऱ्याला घाम फुटला.

त्या तपासणीनंतरची एक चौकट मात्र रिकामी आहे. ओझरला भाचीच्या लग्नाला गेलो आणि गोळ्यांची डबी घरीच राहिली. परवा लाल पेन घेऊन त्या चौकटीसमोर बराच वेळ बसले होते... शेवटी पेनला टोपण लावलं.

पुढच्या वेळी मॅडमना आधी तेच पान दाखवीन. कळवणच्या मावशींचं नाव विचारायचं राहून गेलं, पण ती रिकामी चौकट मी त्यांच्याकडूनच घेतली आहे.