मिसळीला नाही म्हणाले तेव्हा

सातपूरच्या आमच्या डॉक्टरांकडे कुणी पेशंट एकटा जात नसे. ज्याचं दुखतंय त्याने स्टुलावर गप्प बसायचं आणि सोबतच्याने बोलायचं, अशी रीतच होती. बाबांच्या वतीने आई बोलायची आणि अगदी जीव ओतून बोलायची. बाबांची साधी शिंकही तिच्या तोंडून न्यूमोनिया होऊनच बाहेर पडे. बाबा नेमके उलटे. कारखान्यात बोटावर हातोडी बसली तरी म्हणणार, काही नाही, जरा लागलंय. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी दोघांचं माप ओळखलं होतं. आईचं निम्मं करायचं, बाबांचं दुप्पट धरायचं, मग औषध लिहायचं. हे त्यांनीच एकदा हसत हसत सांगितलं. आईला ते चांगलंच झोंबलं.

मी कॉलेजात असताना एका सोमवारी बाबांचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात त्या दिवशी बाबाच बोलत सुटले. गॅस झालाय, गोळी द्या, सेकंड शिफ्टला जायचंय, असं निदानापासून उपचारापर्यंत सगळं त्यांनीच उरकून टाकलं. डॉक्टरांनी वरवर पोट दाबलं, तर म्हणे थोडंसं दुखतंय. थोडंसं दुप्पट करून तरी किती होणार? डॉक्टर गोळ्या लिहायला लागले.

लिहिता लिहिता त्यांनी आईकडे पाहिलं. ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"वहिनी, आज तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"तुम्ही माझं निम्मंच धरता ना," आई म्हणाली. "काल रविवारची मिसळ आणली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच यांनी वाटीला हातसुद्धा लावला नाही."

डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि बाबांना टेबलावर आडवं केलं. पोटात उजवीकडे, खाली, हळूहळू दाबलं आणि हात एकदम उचलला. बाबांनी त्यांचं मनगटच धरलं, ते सोडेनात. अपेंडिक्स होतं. संध्याकाळीच ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर फुटलंच असतं.

दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर बाबांना बघायला हॉस्पिटलात आले. आतून आईचा आवाज येत होता. ती नर्सला सांगत होती की पंख्याचं वारं थेट टाक्यांवर येतंय, सलाईन भलतीच गार आहे आणि शेजारचे आजोबा खोकतात तो टीबीच असणार, आता यांनाही होणार. डॉक्टर दारातच थांबले, जरा वेळ ऐकत राहिले आणि बाबांची नाडीही न बघता मला म्हणाले, "वडील उत्तम आहेत."