दहा की तीन सुती

तासगाव-कवठे महांकाळ रस्त्यावर माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागून लालासाहेबांचं वर्कशॉप आहे. लालासाहेब फौजेतून आले ते मिलिमीटर घेऊन आले. फौजेच्या गाड्या दुरुस्त करताना त्यांना एक नियम मिळाला आणि तो त्यांनी देव्हाऱ्यातल्या देवासारखा सांभाळला. आटे पाडायचे तर बोल्टाच्या जाडीतून दोन आट्यांमधलं अंतर वजा करा, उरेल तेवढ्याचा ड्रिल घ्या. दहाचा बोल्ट, अंतर दीड, ड्रिल साडेआठ. हे ते जेवतानाही सांगतात. अंजनावहिनी भाकरी वाढतात आणि ऐकून घेतात.

त्यांचा धाकटा भाऊ बाळासो माझ्या वर्गातला. तो सांगलीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली शिकला आणि तिथं सगळं सुतात चालायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दादा फौजेत असताना वर्कशॉप त्यानंच चालवलं. दादा परत आले आणि एका शेडमध्ये दोन मापं नांदायला लागली. एकदा दादांनी गिऱ्हाइकासमोर त्याचं भोक चुकलं म्हणून सांगितलं. बाळासो म्हणाला, "एवढं मिलिमीटर कळतंय तर मिलिटरीतच ऱ्हायचं हुतं."

लालासाहेब काही बोलले नाहीत. नंतरही बोलले नाहीत. ड्रिल मशीन त्यांनी धरलं, आटे पाडायचे टॅप बाळासोनं. भोक एक, कारागीर दोन, आणि निरोप गिऱ्हाइकानं पोचवायचा. दोघांचं सूत जमत नव्हतं, पण धंदा चालत होता. माणसाला कशाचीही सवय होते.

यंदा द्राक्षं फुलोऱ्यात आणि वर आभाळ भरलेलं. सकाळीच हंबीरराव फवारणीच्या ब्लोअरचं, पंपावरचं झाकण घेऊन आले. आठच्या बोल्टाचे आटे पार झिजलेले. नवीन झाकण चार दिवसांनी मिळणार होतं, आणि आज औषध बसलं नाही तर दावण्या रोग अख्खी बाग खाणार होता.

लालासाहेबांनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. "आता धाचं आटं पाडू. खरं, ह्याच्यापुढं भोक वाढवाय कडंला धातूच ऱ्हात न्हाई. चुकलं की भंगार."

"मग चुकू नगासा," हंबीरराव म्हणाले.

साडेआठचं भोक पडलं. "धाचा टॅप लाव म्हनावं त्येला," लालासाहेब भिंतीकडं बघून म्हणाले.

हंबीरराव झाकण घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्यांच्या ट्रॅक्टरला असो, मोटरीला असो, गोठ्याच्या फाटकाला असो, दहाच्या बोल्टाचं त्यांच्या तोंडी जन्मभर एकच नाव. "तीन सुती लाव म्हनत्यात," त्यांनी निरोप दिला आणि आभाळ बघायला बाहेर गेले.

आमच्याकडं सगळेच तसं म्हणतात. तीन सूत म्हणजे साडेनऊ, दहाला जवळच. पण आट्यांचं अंतर वेगळं. तीन सुती टॅप त्या भोकात वरवर आटे पाडणार, दहाचा बोल्ट त्यात बसणार नाही, आणि त्यावर पुन्हा दहाचा फिरवला की होते तेही सोलून निघणार. हे मला नंतर कळलं. मला पंक्चरीतलं कळतं. तेव्हा मला फक्त बाळासोनं टॅप हँडलात बसवून भोकावर उभा केलेला दिसला, आणि लालासाहेबांचा चेहरा दिसला.

निरोप द्यायला त्यांनी हंबीररावांना शोधलं. हंबीरराव रस्त्यापलीकडं होते. मग माझ्याकडं पाहिलं, तोवर मी डोकं ट्यूबच्या टबावर खाली घातलं होतं.

"बाळू," लालासाहेब म्हणाले.

बाळासोचा हात जागच्या जागी थांबला. ते नाव त्या शेडमध्ये मी फार दिवसांनी ऐकलं.

"धाचा घे. दीडचा."

बाळासोनं टॅप बदलला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, असा सावकाश फिरवायला लागला. मान वर न करताच म्हणाला, "दादा, डिझेल वत."

टॅप अडकू नये म्हणून लालासाहेबांनी त्यावर ओतलं. लागतं त्याहून पुष्कळच ओतलं. टेबलावरून ओघळून चपलेवर सांडलं, तरी बाळासो बास म्हणाला नाही.