चार तासांची बाटली

रुस्मिनाला मी फारसं ओळखत नव्हतो. तिला मुलं होती की नाही, हेही मला सांगता येणार नाही. इंडोनेशियातल्या बांजरमासीनच्या इस्पितळात, अतिदक्षता विभागातल्या रोग्यांना नळीतून द्यायचं जेवण ती बनवायची. माझी बायको मस्निया तिथे एकतीस दिवस होती. ओळख एवढीच. सगळे तिला आचिल, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणायचो.

मस्नियाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. अंगावर कापाकापी झालेल्याला आमच्याकडे हारुआन माशाचं पाणी पाजतात, त्याशिवाय जखम भरत नाही असं मानतात. मुलगी पहाटे ते उकळायची आणि मी थर्मासमधून न्यायचो. रुस्मिना रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच परत पाठवायची.

"आजोबा, कोमट पाण्यात जंतूंची लग्नं लागतात. आजींच्या रक्तात आधीच सापडलेत. आणखी वऱ्हाड कशाला?"

"अगं आचिल, नुसता मासा आहे."

"मासा असेल. थर्मासचं बूच शेवटचं कधी उकळलंत?"

तिची सगळी भांडी उकळलेली असत आणि प्रत्येक बाटलीवर वेळ लिहिलेली. चार तासांनंतर उरलेलं ती मोरीत ओतून द्यायची.

विसाव्या दिवशी मस्नियाचे हात पाहिले. नुसती हाडं. खाली स्वयंपाकघराशी आलो तेव्हा रुस्मिना हात धूत होती, पाठमोरी. मी खिडकीत ठेवलेली मस्नियाच्या नावाची बाटली उघडली आणि थर्मासमधलं थोडं त्यात ओतलं.

वर पाठवण्याआधी तिने बाटली उजेडात धरली. तेलाचा तवंग दिसत होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मग बाटली मोरीत रिकामी केली आणि स्टुलावर बसली. पहाटे चारपासून ती उभी होती, घरी जायची वेळही टळून गेली होती.

"आता आजी तासभर उपाशी."

थोड्या वेळाने ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुन्हा भांडं चुलीवर ठेवलं. थर्मास तिने काढून घेतला, पण कुणाला काही सांगितलं नाही.

मस्नियाला घरी न्यायच्या दिवशी मी खिडकीशी गेलो.

"आजी तोंडाने खातात का आता?"

"दोन-तीन घास."

"मग करा मासा. ताजा करा, लगेच वाढा. आणि हा थर्मास न्या, किती दिवस माझी जागा अडवून बसलाय."

"बूच?"

"उकळलंय."